दहा पावलांवरचा तक्ता

आप्पांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचे. दोन पांढरे, एक पिवळा आणि गेरूचा एक तुकडा. खिसा कायम भुरकटलेला असायचा आणि घरी कपडे भिजवताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, रोज त्यांचा उद्धार करायच्या. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, आप्पा क्वालिटीचे प्रमुख होते. प्रमुखाला केबिन होती, केबिनीत कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरलेला होता. तो टॉवेल निघालेला मी दोनदाच पाहिला. बाकी सगळा कारभार जमिनीवर, शटरवर आणि भट्टीजवळच्या खांबांवर खडूनं चालायचा. एकदा तर तो पुण्याहून तपासणीला आलेल्या एका साहेबांच्या गाडीवरही चालला. साहेबांनी उतरता उतरता विचारलं, "गेल्या महिन्यात माल कसा गेला?" आप्पांनी बॉनेटवरच्या धुळीत बोटानं रेघ ओढली. "सुरवातीला असा. मधी हितं पडला. आता बगा, असा चढतोय." साहेबांचा चेहरा आधी उतरला. मग त्यांनी त्या रेघेवर स्वतःचं बोट ठेवून "इथं का पडला?" असं विचारलं आणि दोघं गाडीला टेकून अर्धा तास बोलत राहिले. मी केबिनीत लावून ठेवलेला प्रोजेक्टर तसाच तापत बसला.

मी तिथं आकड्यांच्या कामासाठी लागले होते. मूळची निपाणीची. बेळगावात इंजिनियरिंग केलं, नंतर माहिती पडद्यावर कशी मांडायची याचा एक कोर्स केला आणि त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं. कारखान्यात आकड्यांना तोटा नसतो. किती माल ओतला, किती बाद झाला, भट्टी किती तापली. हे सगळं कागदांवर भरलं जातं आणि कागद फायलींत पडून राहतात. त्यांतून चित्र काढायचं, म्हणजे बघणाऱ्याला एका नजरेत काय चाललंय ते कळेल, हे माझं काम. मालकांनी त्यासाठी शॉपवर, म्हणजे गडी काम करतात त्या मोठ्या शेडमध्ये, टांगायला एक भलामोठा टीव्ही आधीच घेऊन ठेवला होता. मुलाखतीत आप्पा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुजी आई काय करत्या?"

"विड्या वळते."

"मग बरं झालं," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. एवढं शिकून आले, तर या माणसाला माझ्या आईची चौकशी कशाला हवी, असं मी बसमध्ये निपाणी येईपर्यंत मनात घोळवत होते.

त्यांची एक परीक्षा होती. तुम्ही कुठलाही तक्ता, आलेख, यादी काढून नेली की ते ती हातात घेत नसत. भिंतीला लावायला सांगत. मग पाठ फिरवून दहा पावलं चालत जात, चष्मा काढत, वळत, डोळे उघडत आणि लगेच मिटत. मिटल्या डोळ्यांनी काय दिसलं ते सांगत. "निळं कायतरी वर चढतंय. खाली मुंग्या हायत." मुंग्या म्हणजे माझी बारीक अक्षरं. चष्मा कशाला काढता, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी भट्टीवरच्या एका गड्याचा गॉगल मागून घेतला आणि मला घालायला लावला. धूर, घाम आणि वाळू यांनी त्याच्या काचा अशा झाल्या होत्या की मला समोरचा टीव्ही टीव्ही आहे एवढंच कळत होतं. "ह्येच्यातनं दिसतंय तेवढंच तू काढलंयस, असं समज," ते म्हणाले. मी त्या दिवशी अक्षरं मोठी केली, पण तोंड वाकडं करूनच केली.

गोल आलेखावर त्यांचा विशेष दात होता. "ही काय भाकरी हाय? कुठला तुकडा मोठा ते खाणाऱ्याला कळतंय गं, बगणाऱ्याला न्हाय." रंगांचंही तेच. "रंग म्हंजे हाक मारणं. गावातल्या समद्यांनी एकदम हाक मारली, तर तू कुणाकडं बगशील?" एका तक्त्यात एकानंच हाक मारावी, असा त्यांचा कायदा होता. मी त्या वेळी एका पडद्यावर नऊ रंग वापरत होते आणि दहावा शोधत होते.

अक्षरांशी त्यांचं वाकडं जुनं होतं, आणि ते आमच्या सीमाभागातच शोभणारं होतं. माझ्या आधी कधीतरी शॉपवर सूचनांचा फळा होता, मराठीत. कानडी गड्यांनी तक्रार केली, म्हणून तो कानडीत झाला. मग मराठी गडी रुसले. मग दोन्ही भाषा आल्या, तर वर कुठली आणि खाली कुठली यावरून दोन दिवस चहा वेगवेगळ्या ठिकाणी प्यायला गेला. शेवटी मालकांनी वैतागून सगळं इंग्रजीत करून टाकलं. तो फळा कुणीच वाचेना, भांडण तेवढं मिटलं. आप्पांनी तो उतरवला आणि नुसत्या चित्रांचा केला. रस ओतायची पळी, साच्याची पेटी, गॉगल, हात. ओडिशाकडून आलेले गडीसुद्धा तो बघून काम करायला लागले. तपासणीच्या टेबलावर मल्लप्पा म्हणून पक्के कानडी गृहस्थ होते. ते मला सांगायचे, "आप्पांनी भाषाच काढून टाकली री. म्हणून आज आमी एका जागी चहा पितोय."

आप्पा राहायचे बेळगुंदीला, तिथून रोज मोटारसायकलवर यायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी मला आधी गोठा दाखवला. गोठ्याच्या भिंतीवर म्हशीच्या दुधाचा आलेख होता, गेरूनं काढलेला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. म्हैस आजारी पडली तो खड्डा, सरकी बदलली तो चढ. काकू म्हणाल्या, "माज्या सासूबाई असत्या तर तेंच्या रागाचाबी काढला असता ह्येंनी."

"काढला असता की," आप्पा आतून म्हणाले, "पण भिंत पुरली नसती."

गावाच्या सकाळच्या बसचा किस्सा तर काकू अजून रंगवून सांगतात. बस कधी वेळेवर यायची, कधी नाही, आणि थांब्यावर रोज भांडण व्हायचं. डायव्हर म्हणायचा रोज वेळेवर येतो, गाववाले म्हणायचे रोज उशीर होतो. आप्पांनी थांब्यावर एक फळी टांगली. मधोमध आडवी रेघ. बस वेळेवर आली तर रेघेवर ठिपका, उशिरा आली तर जेवढा उशीर तेवढा खाली. शब्द एक नाही. पहिल्या आठवड्यात डायव्हर हसला, दुसऱ्या आठवड्यात चिडला. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी तो खिडकीतून निम्मा बाहेर येऊन ओरडला, "आप्पा, आज येळंवर आलोय. ठिपका काढल्याबिगर गाडी हालणार न्हाय!" आप्पा घरी दाढी करत होते. लोकांनी त्यांना तसंच फेस लावलेलं थांब्यावर आणलं. गावालाही तेव्हा कळलं की सोमवार सोडला तर बस बहुतेक वेळेवरच येते, आणि सोमवारी बाजारामुळं अडकते. मग सोमवारचे लोक दहा मिनिटं उशिरा निघायला लागले.

आता आप्पा निवृत्त होऊन बेळगुंदीलाच असतात, रताळी लावतात. मी हल्ली दवाखाने आणि पाणीपुरवठा यांच्यासाठी पडदे बनवते, आणि महिन्या-दोन महिन्यांतून नवीन काम घेऊन त्यांच्याकडं जाते. लोक विचारतात, हे तू कुठं शिकलीस? मी कोर्सचं नाव सांगत नाही. प्रमाणपत्राची फ्रेमही भिंतीवरून काढून ठेवली आहे. ते का, हे सांगायचं तर मला माझा पहिला पडदा सांगावा लागेल, आणि तो सांगताना मला अजून लाज वाटते.

तो तयार झाला तेव्हा श्रावण चालू होता. काळ्या पडद्यावर गोल काटे, सरकते आकडे आणि मधोमध चार उभे खांब. आमच्याकडं साचे घालणाऱ्या चार टोळ्या होत्या, त्यांचे हे चार खांब. ज्या टोळीचा माल जास्त बाद, तिचा खांब उंच. सगळ्यांत उंच असेल तो लाल, आणि त्याच्यावर त्या टोळीच्या मुकादमाचं नाव. मालक खूश झाले, सगळ्या शॉपला मिठाई म्हणून कुंदा वाटला. आप्पा दहा पावलांवर गेले, डोळे उघडून मिटले आणि म्हणाले, "लई देखणं झालंय."

मी फुलून गेले.

"आता मला सांग, ह्ये बगून परशरामनं उद्या सकाळी काय करायचं?"

परशराम हा दोन नंबरच्या टोळीचा मुकादम. खानापूरकडचा, शांत, कामाला वाघ. आपल्या गावाकडची सात माणसं घेऊन तो कैक वर्षं कंत्राटावर साचे घालत होता. पहिल्याच दिवशी लाल खांब त्याचा निघाला होता.

"जास्त लक्ष देऊन काम करायचं," मी म्हटलं.

"कशाकडं लक्ष देऊन?"

मी म्हटलं, "आप्पा, आकडे खरे आहेत."

"आकडं खरंच असत्यात. मी त्येनं काय करायचं ते इचारलं." एवढं बोलून ते खडू शोधत निघून गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवीन काही बघवत नाही.

लाल खांब दुसऱ्या दिवशीही परशरामचाच होता, तिसऱ्या दिवशीही. तो सकाळी येई, डबा खाली ठेवी आणि टीव्हीसमोर उभा राही. पहिल्यांदा तो हसायचा. मग बाकीच्या टोळ्या त्याला "काय लालशेठ" म्हणून हाक मारायला लागल्या, तेव्हा हसायचा थांबला. एक दिवस माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, ते लाल कशानं जातंय? सांगा, तसं करतो."

"रिजेक्शन कमी झालं की जाईल."

"व्हय. पन ते कशानं कमी हुतंय?"

मी लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. तो "बरं, असू दे" म्हणून गेला.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, मालकांनी आप्पांना आणि मला बोलावलं. दोन नंबरची टोळी काढायची ठरली होती. दुसऱ्या कंत्राटदाराशी बोलणंही झालं होतं. "मॅडमच्या पडद्यानं आमचे डोळे उघडले," मालक म्हणाले. हे मला कौतुक म्हणून सांगितलं गेलं होतं, आणि मी "थँक यू सर" म्हणाले. आठ माणसांचं काम जाणार होतं आणि मी थँक यू म्हणाले.

आप्पा म्हणाले, "पुढल्या शनिवारपतूर थांबा."

"का?"

"थांबा म्हंतोय न्हवं. एवढी वर्सं कधी मागितलं न्हाय कायबी."

मालकांनी आठ दिवस दिले. तोवर वेगळं काही दाखवलंत तर ठीक, नाहीतर टोळी गेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता काय करायचं?" आप्पा मोटारसायकलला किक मारत म्हणाले, "उद्या रविवार हाय. निपाणीला जा आन् आईला पडदा दाव."

आई नेहमीच्या जागी, दारातल्या उजेडात बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात पानं. मी लॅपटॉप तिच्यासमोर धरला. तिनं एकदा बघितलं आणि हात न थांबवता विचारलं, "ह्यो तांबडा कोण?"

"ज्याचा माल सगळ्यात जास्त बाद होतो तो."

"त्येला माल कोण देतंय?"

"म्हणजे?"

"अगं, मी काय पानं झाडावरनं आनत्ये? ठेकेदार देतोय. फाटकं, काळं पडलेलं पान माझ्या वाट्याला आलं की विडी उलत्या. मग तपासणारा छाट काढतोय, ती माझ्या नावावर. पानाच्या नावावर छाट निघाल्याली तू कधी बगितलीयास?"

मी बघितली नव्हती. मी बघितलं होतं ते वेगळंच. लहानपणी आईबरोबर विड्या द्यायला गेले की तपासणारा माणूस जुड्या विस्कटून विड्या बाजूला फेकायचा, आणि आई एक शब्द न बोलता घरी यायची. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. आणि मी शिकून-सवरून नेमका तोच माणूस बनवून कारखान्यात टांगला होता, फक्त रंगीत. मला रडू आलं. आई म्हणाली, "रडतीस काय? पुसून टाक की. तुझंच हाय न्हवं ते?"

सोमवारी मी आप्पांना हे सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला. "तुज्या त्या कागदात रकानं किती हायत?"

तारीख, टोळी, ओतलेला माल, बाद माल. चार.

"मग टोळीच सापडणार की. ज्येचा रकाना हाय त्योच गुन्हेगार. ज्येचा न्हाय, त्यो जलमभर सुटला." त्यांनी टॉवेल परत पांघरला. "कास्टिंगात भोक पडलं म्हणून माल बाद हुतोय. पन भोक कुठं पडलं, त्येचा रकाना कुठाय?"

आम्ही तेव्हा पंपाची बॉडी ओतत होतो. आप्पांनी मला एका मोठ्या पांढऱ्या कागदावर तिची आकृती काढायला लावली, खऱ्या वस्तूएवढी. नाव नाही, अक्षर नाही, टोळी नाही. तो कागद मल्लप्पांच्या टेबलामागं लावला आणि त्यांच्या हातात एक मार्कर दिला. बाद तुकडा आला की भोक जिथं असेल तिथं, आकृतीवर त्याच जागी, एक ठिपका. चारही टोळ्यांचा माल एकाच कागदावर. मल्लप्पा पहिल्या दिवशी कुरकुरले, "किती ठिपके काढू री आप्पा? माझं काम तपासायचं." मंगळवारी ते गप्प झाले. बुधवारी दुपारी त्यांनी मला हात करून बोलावलं. "मॅडम, जरा लांबनं बगा री."

मी स्वतःहून पाठ फिरवली, दहा पावलं गेले आणि वळले. ठिपके कुठंही विखुरलेले नव्हते. गोवर उठावा तसे ते सगळे एकाच जागी दाटले होते, बॉडीच्या आतल्या पोकळीच्या खालच्या अंगाला. बाकीची आकृती जवळजवळ कोरी होती. पहिला पगारही बघितला नसेल एवढ्या आनंदानं मी तो कागद बघत राहिले.

पंपाच्या बॉडीत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा एक भाजलेला तुकडा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. कोअर वेगळ्या खोलीत बनतात आणि रॅकवर ठेवलेले असतात. आप्पा मला तिथं घेऊन गेले. दोन रॅक होते. एक आतल्या बाजूला आणि एक पश्चिमेच्या भिंतीला लागून. बेळगावचा पाऊस कोसळून जात नाही, तो महिना महिना मुरत राहतो, आणि ती भिंत आषाढापासून मुरलेली होती. मी खालच्या फळीवरच्या कोअरच्या पोटाला हात लावला. गारठा लागला. ओल. ओला कोअर आणि त्याच्यावर वितळलेलं लोखंड, म्हणजे वाफ, आणि वाफ म्हणजे भोक.

परशरामची टोळी बरोबर त्या रॅकसमोर काम करायची. मी त्याला बोलावून विचारलं.

"आमास्नी ह्यो जवळ पडतोय, म्हणून ह्येच्यातलं घेतोय," तो म्हणाला. मग त्यानं फळीवर हात फिरवला. "कोअर घालायचं आमचं काम हाय मॅडम. करायचं न्हाय."

शनिवारी मीटिंग झाली. मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, आप्पा आणि मी. परशराम दाराबाहेर उभा होता. मला वाटलं आप्पा बोलतील. ते खुर्चीत बसून हातातल्या खडूचे तुकडे करत होते. मी त्यांच्याकडं बघितलं तेव्हा हळूच म्हणाले, "तू काढलंस. तूच पूस."

मी उभी राहिले. "सर, माझा पडदा चुकलाय."

"आकडे चुकले?" मॅनेजरनी विचारलं.

"आकडे बरोबर आहेत. मी ते चुकीच्या माणसाच्या नावावर मांडले." आणि मी तो ठिपक्यांचा कागद भिंतीला लावला. पुढं काय बोलले ते नीट आठवत नाही. माझी नोकरी आज जाणार एवढंच डोक्यात होतं, आणि तरीही बोलताना बरं वाटत होतं.

मालकांनी कागदाकडं बघितलं, उठले आणि चालायला लागले. आम्ही मागं. ते कोअरच्या खोलीत गेले, वाकून सगळ्यांत खालच्या कोअरला हात लावला आणि हात पँटला पुसला. बाहेर येऊन परशरामला म्हणाले, "काय उभा राहिलायस? जा, कामाला लाग." माफी वगैरे आमच्याकडचे मालक मागत नाहीत. पण त्याच दुपारी रॅक भिंतीपासून हलला आणि संध्याकाळी छपराचे पत्रे बघायला माणूस आला. मला म्हणाले, "मॅडम, ते लाल आधी काढा." मी पाच मिनिटांत काढलं.

नंतर मी आप्पांना गाठलं. "तुम्हाला रॅकचं आधीपासून माहीत होतं."

"संशय हुता."

"मग आठ माणसांचं काम जायची वेळ आली तरी बोलला नाहीत?"

"मी बोललो असतो तर मालकांनी माझं ऐकलं असतं. ह्या येळंला. फुडल्या वर्सी मी न्हाय हितं. मग कुणाचं ऐकणार? त्या तांबड्या खांबाचं."

"आणि मला सापडलंच नसतं तर?"

"शुक्रवारी मीच सांगणार हुतो." हे खरं की नाही, मला अजून माहीत नाही. मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले, मोठ्यानं भांडले, शॉपवरच्या सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातला पिवळा खडू काढून मला दिला. त्यानं माझा राग गेला नाही, पण खडू मी ठेवून घेतला.

पडद्यावर मग आम्ही काटे, खांब, नावं काही ठेवलं नाही. नुसती बॉडीची आकृती आणि तिच्यावर ठिपके. टेबलामागं कागद होताच, त्यावर मल्लप्पा ठिपका काढायचे आणि मी तो टीव्हीवर चढवायची. पोकळीपाशी दाटलेला गोवर पंधरा दिवसांत विरळ झाला. मालकांना सुरवातीला हा पडदा फारच गरीब वाटला. पाहुण्यांना काय दाखवायचं, असं त्यांनी दोनदा विचारलं. पाहुणे आले, समोर उभे राहिले आणि पाच मिनिटांत आपणच बोट दाखवून प्रश्न विचारायला लागले, तेव्हा मालकांचं समाधान झालं.

परशराम मात्र टीव्हीसमोर उभा राहीनासा झाला होता. सकाळी आला की मान खाली घालून थेट जागेवर जायचा. मी त्याला दोनदा म्हटलं, बघा तरी, आता नाव नाही कुणाचं. "व्हय मॅडम," म्हणायचा आणि बघायचा नाही. मला ते फार लागत होतं. त्याचं काम वाचलं होतं, पण त्या तीन आठवड्यांत मी त्याचं जे नेलं होतं, ते कुठल्या मीटिंगमध्ये परत द्यायचं ते मला कळत नव्हतं.

महिना होत आला असेल. दुपारच्या जेवणाआधी मल्लप्पांच्या टेबलावर एक बाद तुकडा आला. भोक नव्हतं, पण साच्याच्या पेटीचे दोन भाग नीट जुळले नाहीत की होतं तसा काठावर जोड सरकला होता. असा दोष त्या कागदावर आजवर आलाच नव्हता. मल्लप्पांनी मार्करचं टोपण काढलं. सगळ्या टोळ्या हात धुवायला तिथूनच जातात, त्यामुळं आसपास वीस-पंचवीस माणसं होती. परशराम त्यांतून पुढं आला. तुकडा उचलून फिरवून बघितला आणि मल्लप्पांपुढं हात पसरला.

"द्या हिकडं. ह्यो माझा हाय."

"नाव नाही लिहायचं री," मल्लप्पा म्हणाले.

"म्हायत हाय. पन ह्यो माझाच हाय. काल पेटी नीट बसली न्हवती, मला कळलंतं, तरीबी मी फुडं गेलो." त्यानं मार्कर घेतला, आकृतीच्या काठावर जागा नीट बघून एक ठसठशीत ठिपका काढला, आणि मागं वळून आपल्या सातही गड्यांना हाक मारली, "या रं समदी हिकडं. बगा, कुठं चुकलो त्ये."